सॅक्सोफोनचा एकच माईक

ऑर्केस्ट्रात सगळ्यात कमी दिसणारी जागा कीबोर्डवाल्याची. गाणारे पुढे उभे राहतात, ढोलकी आणि ड्रमवाले उंच चौथऱ्यावर बसतात, आणि मी डाव्या अंगाला, मोठ्या स्पीकरच्या आडोशाला असते. बऱ्याचदा समोर शोभेसाठी बांधलेला केळीचा खांबही असतो. मला ही जागा आवडते. तिथून सगळी माणसं दिसतात आणि माणसांना आपण दिसत नाही. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणाऱ्या मुलीला याहून चांगलं काम मिळालं नसतं.

काम म्हणते, पण आईच्या लेखी तो अजूनही छंद आहे. या छंदाने पाठ दुखते, धुळीने घसा बसतो आणि लग्नसराईत जेवण शेवटची पंगत उठल्यावर मिळतं, हे मी तिला सांगत नाही.

जालन्यातल्या आमच्या इंग्रजी शाळेत सकाळच्या प्रार्थनेला पियानो वाजवायला कोणीतरी लागायचं. सिस्टरांनी मला निवडलं, कारण पियानो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता आणि मी त्यामागे खुशाल बसायचे. कागदावरची चिन्हं वाचून वाजवायला तिथे शिकले. पुढे कॉलेजात असताना प्रल्हादभाऊ एकदा पेढे घेऊन आमच्या घरी आले. ते ऑर्केस्ट्राचे मालक, गायक आणि निवेदकही. त्यांचा कीबोर्डवाला पुण्याला निघून गेला होता. बाबांनी बरेच प्रश्न विचारले. प्रल्हादभाऊंनी, त्यांच्या पत्नी प्रत्येक कार्यक्रमाला सोबत असतात आणि मुलीला दारापर्यंत सोडतात, असा शब्द दिला. तो त्यांनी आजवर पाळला आहे.

आम्ही काय करतो, हे बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. लग्नाची रिसेप्शनं, गणपती आणि नवरात्राची मंडळं, निवृत्तीचे सत्कार. आणि जालना असल्यामुळे बियाण्यांच्या कंपन्यांच्या डीलर मीटिंगा. अशाच एका मीटिंगमध्ये कपाशीच्या नव्या वाणाचं अनावरण होतं. मॅनेजर म्हणाले, पडदा वर जाताना "काहीतरी भारी" वाजवा. पडद्यामागे मखमली कापड पांघरलेलं, हार घातलेलं बियाण्याचं पाकीट होतं. भास्करकाकांनी ते एकवार पाहिलं आणि सॅक्सोफोनवर मुलीच्या पाठवणीची धून सुरू केली. मी घाबरले. मॅनेजर चिडतील असं वाटलं. पण पहिल्या रांगेतले दोन डीलर चक्क डोळे पुसत होते. नंतर मी काकांना विचारलं, हे काय सुचलं? ते म्हणाले, "मंग? नटवून थटवून परक्या घरी धाडून राह्यले. तिकडं कशी नांदंल कोणाला ठाव?"

तर हे भास्करकाका. आमचे सॅक्सोफोनवाले. सत्तरी ओलांडलेले, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. कार्यक्रमाला काळा कोट, मे महिन्यातसुद्धा. मूळचे केदारखेड्याचे. घरची शेती भावांनी सांभाळली, काका तरुणपणी जालन्याला येऊन लग्नाच्या बँडमध्ये लागले ते लागलेच. तिथे त्यांना एक उस्ताद भेटले. हे उस्ताद कधीकाळी सिकंदराबादच्या एका क्लबात वाजवायचे. साहेब लोक नाचायचे, हे वाजवायचे. काय वाजवायचे, असं विचारलं तर काका जॅझला आपल्या उच्चारात सांगत, "जाज. मंग राज बदललं, क्लब गेला, उस्ताद आले जालन्यात वराती वाजवाया. पर कायदे संगं घेऊन आल्ते."

हे कायदे म्हणजे स्टेजवर वागायच्या रीती. काकांचं म्हणणं, वाजवणं कोणालाही येतं, उभं राहणं शिकावं लागतं. लोकांसमोर वाद्य जुळवत बसायचं नाही. दुसरा वाजवत असताना आपण आपल्या वाद्यावर हळू आवाजातसुद्धा चाळा करायचा नाही, मान वर करून त्याचं ऐकायचं. सॅक्सोफोनच्या माईकपाशी जो उभा आहे, तो स्वतः बाजूला सरकून डोळ्यांनी खूण करेपर्यंत दुसऱ्याने तिथे पाऊल ठेवायचं नाही. वडीलधारा वाजवून मागे आला की त्याच धुनेवर पुन्हा आपण वाजवायचं नाही, ते म्हणजे त्याचं लिहिलेलं पुसून लिहिणं. आणि कोणी चुकलं तर त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की लोकही बघतात. चूक झाकायची किंवा न झाल्यासारखी पुढे जाऊ द्यायची. चुकलेल्याची नक्कल करणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. एका ढोलकीवाल्याने एकदा गायकाचा अडखळलेला ताल हसतहसत तसाच वाजवून दाखवला होता. त्यानंतर काका त्याच्याशी कधीच बोलले नाहीत, असं सगळे सांगतात.

मला ते पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही. पहिल्याच तालमीला त्यांनी माझ्या कीबोर्डवरच्या एका बटणावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावली.

त्या बटणाचं सांगते. प्रत्येक गायकाचा गळा एका ठरावीक उंचीवर मोकळा लागतो. त्या उंचीला आमच्यात पट्टी म्हणतात आणि ती पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखतात. कोणाची पांढरी दोन, कोणाची काळी चार. गायकाने पट्टी बदलली की वाजवणाऱ्याची बोटंही बदलतात. कीबोर्डवर मात्र एक बटण असतं. ते दाबलं की बोटं तीच ठेवून अख्खं गाणं वरखाली सरकवता येतं. सॅक्सोफोनला असं बटण नाही. तिथे प्रत्येक पट्टीला सगळी बोटं नवी. त्यात गंमत अशी की जी पट्टी मला अवघड ती सॅक्सोफोनला बहुधा सोपी, आणि मला सोपी ती त्याला अवघड.

"मॅडम, बटनानं गाणं सरकतं, बोटं न्हाई सरकत," काका म्हणाले. "काळी चार धरा."

मला धरता आली नाही.  पण मग रोज कॉलेजातून आल्यावर सगळ्या पट्ट्या एकेक करून बोटांत बसवल्या. काही महिन्यांनी काकांनी स्वतःच ती चिकटपट्टी काढली. शाबासकी वगैरे काही नाही. "लय चिकट राहिलं हो हे, मॅडम, रुमालानं पुसून घ्या," एवढंच.

नव्या माणसाला अवघड पट्टी देऊन उघडं पाडायचं, ही काकांची जुनी खोड होती. आमच्याकडे आलेला प्रत्येक वादक त्यातून गेला आहे. मला वाटतं, हासुद्धा उस्तादांनी क्लबातून आणलेला कायदाच असावा.

ऋषी आला तो काकांच्या आजारपणात. त्यांना टायफॉइड झाला होता आणि दोन मोठे कार्यक्रम तोंडावर होते. ऋषी जालन्याचाच, माझ्याच शाळेचा, माझ्याहून बराच लहान. पुण्यात इंजिनीअरिंग करताना त्याने सॅक्सोफोन घेतला, मोबाईलवर बघून शिकला, तिथल्या एका कॅफेत शनिवारी जॅझ वाजवायचा. आता घरून काम करत होता. डोळे मिटून वाजवायचा आणि वाजवायला लागला की थांबायचं त्याच्या लक्षात राहत नसे. पण सूर असा स्वच्छ की मी माझ्या कोपऱ्यात हात थांबवून ऐकायचे. एकही स्वर कधी घसरायचा नाही, कधी खरखरायचा नाही.

काका बरे होऊन आले. प्रल्हादभाऊंना ऋषीला सोडवेना, कारण मंडळाच्या पोरांना तो आवडत होता. आता सॅक्सोफोन दोन आणि माईक एक. साऊंडवाल्याच्या मिक्सरवर तेवढीच जागा उरायची.

अंबडला पहिलं प्रकरण झालं. काकांनी गाण्यामधला सॅक्सोफोनचा तुकडा वाजवला, मागे आले, कडव्यासाठी गायिकेकडे पाहिलं. आणि ऋषी पुढे जाऊन माईकपाशी उभा राहिला आणि त्याच धुनेवर आणखी एक आवर्तन घेऊन मोकळा झाला. दुप्पट वेगात. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गायिका तोंड उघडून तशीच उभी. काकांनी कोटाची बटणं उघडली आणि पुन्हा लावली.

परतताना आम्ही सगळे एकाच गाडीत होतो. ऋषीला चूप बसणं जमत नाही. त्याने विचारलं, "काका, कसं झालं?"

"चांगलं झालं की."

"खरं सांगा ना."

"इंजिनेर, पोतं शिवून राह्यला का तू? जितकं मावंल तितकं भरायचं अन् वरून दाबायचं?"

सगळे हसले. ऋषीही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला पुढच्या आरशात दिसले.

पुढच्या तालमीपासून लढाई सुरू झाली. प्रल्हादभाऊंच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे आमची तालीम होते. काकांनी नेहमीची परीक्षा काढली. "पांढरी तीन धर." ही पट्टी सॅक्सोफोनवर फार वाईट, बोटांचा नुसता गुंता होतो. ऋषीने ती डोळे मिटून वाजवली. काकांनी पांढरी सहा सांगितली. तीही वाजवली.

"काका, झाल्या का सगळ्या? का अजून आहेत?" तो म्हणाला.

"हायेत. गाय तू, आटंस्तवर दूध काढून राह्यलो मी."

मग ऋषीनेही तोच डाव उलटा टाकला. कार्यक्रमाच्या ऐन आधी गायिकेच्या कानात सांगायचा, ताई, आज अर्धी पट्टी वर घेऊ, छान लागेल. ती भोळी. ती हो म्हणायची. आणि काकांना स्टेजवर कळायचं की आज सगळी बोटं नवी. काका कधी नाही म्हणाले नाहीत. स्टेजवर पट्टीला नाही म्हणायचं नाही, हाही कायदाच. घामाने कोट भिजायचा, पण वाजवायचे. आणि असं वाजवायचे की ऋषी डोळे उघडून बघायचा. काका कमी स्वरांत काम भागवायचे. जिथे ऋषी दहा स्वर टाकायचा तिथे काका एक टाकून तो लांबवायचे, आणि लोक श्वास धरून त्या एकाच्या मागे जायचे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आमचा ऑर्केस्ट्रा पूर्वी कधी नव्हता इतका चांगला वाजला. दोघं एकमेकांचं बोलणं टाळायचे, पण एकमेकांचं वाजवणं कान देऊन ऐकायचे. एका दुपारी मी तालमीला लवकर पोचले, तर काका खोलीत एकटेच ऋषीची अंबडची ती दुप्पट वेगातली तान हळूहळू बसवून बघत होते. मी जिन्यातच थांबले आणि मग जरा मोठ्याने चपला वाजवत वर गेले.

याच सुमाराला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माझी जागा काकांच्या मागे तिरपी. त्यांचा चेहरा दिसत नाही, जबडा दिसतो. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात त्याच्या तोंडात धरायच्या टोकावर घट्ट टेकवावे लागतात. सगळा जोर तिथे. टायफॉइडनंतर काका वाळले होते आणि त्यांची वरची कवळी सैल झाली होती. खालच्या स्वरांना चालून जायचं. वरच्या स्वरांना कवळी हलायची आणि सूर सुटायचा. त्यामुळे धून वर जायला लागली की काका हळूच ती खाली वळवायचे. इतक्या सफाईने की ऐकणाऱ्याला वाटावं, हीच मूळ चाल आहे.

मी कोणाला बोलले नाही. मला न बोलण्याची सवयच आहे. फक्त, ते खाली वळायचे तिथे मी वरचे स्वर कीबोर्डवर मऊ आवाजात लावायला लागले. ऐकणाऱ्याच्या कानात धून पूर्ण व्हायची. झाकणंच ते. कायद्याला धरून.

ऋषीला ते कळलं. राजूरच्या कार्यक्रमाच्या आधीच्या तालमीनंतर जिना उतरताना तो म्हणाला, "ताई, वरचं तू वाजवतेस ना?"

मी आणखी एक पायरी उतरले.

"मी सांगणार नाही कोणाला. पण त्यांना मदत हवी असेल तर मी आहे ना. तो वरचा भाग मी घेतला असता."

"मग विचार त्यांना."

"कसं विचारू? ते माझ्याशी टोमण्यांशिवाय बोलतात का?"

"विचारायचं नसतं," मी म्हणाले. माझ्याच्याने एवढं सलग क्वचित बोललं जातं. "त्यांच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे उभा राहा. वाद्य खाली धर. त्यांचं ऐक. बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर उभा राहा."

"आणि किती दिवस उभं राहायचं?"



दिवस फार उरले नव्हते. प्रल्हादभाऊंनी त्या आठवड्यात मला एकटीला गाठून सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, सांगताना पायाने फरशीवर रेघा ओढत होते. "ताई, एका माईकवर दोन माणसं किती दिवस चालवू? काकांचा दम पहिल्यावानी ऱ्हायला न्हाई, तुम्हाला बी कळून राह्यलं असंल. राजूरचं होऊ द्या. ते त्यांचं घरचं स्टेज हाय. तिथं बराबर वाजलं तर ठीक, न्हाईतर शाल-श्रीफळ देऊ आपण, मानानं. पण त्यांना काही बोलू नका."

राजूर म्हणजे गणपतीचं ठिकाण. चतुर्थीला सगळ्या तालुक्यातून माणसं लोटतात. काका तिथे दरवर्षी एक धून एकटे वाजवतात, गाणारा कोणी नसतो. केदारखेड्याची माणसं खास तेवढ्यासाठी येतात. तिच्या शेवटाकडे धून तीनदा वर चढते आणि तिसऱ्यांदा सगळ्यात वरच्या सुरावर थांबते. ती खाली वळवता येत नाही, कारण अख्ख्या गावाला ती पाठ आहे.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. मंडपात गुलाल, नारळाचं पाणी आणि तळणाचा वास. समोर काकांचे भाऊ, भावजया, पुतणे. एक म्हातारे गृहस्थ खुर्ची ओढत पुढे आले आणि ओरडले, "भास्करा, दम हाय का अजून?"

"बसा तर खरं, आण्णा! तुमचाच ऱ्हातो का बघू!" काकांनी स्टेजवरूनच उत्तर दिलं. सगळे हसले.

मी वायरी लावत होते. काका कीबोर्डपाशी आले. वाकून, जणू पट्टी सांगताहेत असं दाखवत म्हणाले, "मॅडम, आज वरचं वाजवू नका."

मी वर पाहिलं.

"तुमच्या आवाजाचा डबा, तो स्पीकर, माझ्या पायापाशी ठिवलेला ऱ्हातो. मला काय ऐकू येत न्हाई का?"

"काका, मला वाटलं..."

"चांगलंच वाटलं तुम्हाला. पण तुम्ही झाकून राह्यल्या, अन् मी बी समजून राह्यलो की चाललंय. आज माझं मला बघू द्या."

आणि ते माईककडे गेले. ऋषी त्यांच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे येऊन उभा राहिला. सॅक्सोफोन खाली. काकांनी ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

त्यांनी धून सुरू केली. काळी दोन, त्यांची लाडकी पट्टी. मी फक्त खालचा आधार धरला, बाकी हात मांडीवर. गलका हळूहळू बसला. पहिल्यांदा धून चढली, लागली. दुसऱ्यांदा चढली, सूर थोडा थरथरला पण लागला. तिसऱ्या चढाला मला मागून त्यांचा जबडा हललेला दिसला. सूर गेला, शेवटच्या पायरीवर पोचला आणि फाटला. कापड टरकावं तसा. माईक असल्यामुळे तो फाटलेला आवाज देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेला असणार.

मी बघितलं नाही. आम्ही कोणीच बघितलं नाही. माझी बोटं वरच्या पट्ट्यांवर गेली होती, ती मी मागे घेतली. काकांनी सांगितलं होतं. केदारखेड्याची माणसं मात्र बघत होती. प्रल्हादभाऊ निवेदनाचा माईक हातात घेऊन पुढे यायला निघाले. त्यांना ते तिथेच संपवायचं होतं, मानाने.

आणि तेवढ्यात ऋषीने सॅक्सोफोन उचलला आणि तोच चढ वाजवला. तोच, त्याच पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर त्याचाही सूर फाटला. मुद्दाम.

 ढोलकीवाल्याचे हात थांबले. चुकलेल्या वडीलधाऱ्याची नक्कल, तीही त्याच्या गावासमोर. काका वळले. माझ्या इतक्या वर्षांत मी त्यांना स्टेजवर लोकांकडे पाठ करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी ऋषीकडे पाहिलं. ऋषी हसत नव्हता. तो माईकपाशी गेला नव्हता, होता तिथेच, एक पाऊल मागे, वाद्य पुन्हा खाली धरून, मान वर. चेहरा असा, की आता मारलं तरी चालेल.

 काकांची भिवई वर गेली. मग त्यांनी लोकांकडे तोंड केलं, श्वास घेतला, आणि चढ पुन्हा वाजवला, आणि या वेळी तो सूर स्वतःहून फाडला. खणखणीत, लांब. जणू तो पहिल्यापासून तसाच होता. आणि उजव्या हाताची दोन बोटं हलवून मागे खूण केली. ये.

ऋषीने उत्तर दिलं. काकांनी त्याच्यावर आणखी खरखरीत उत्तर दिलं. ढोलकीवाल्याला उमगलं आणि तो खाली घुसला. आण्णांनी टोपी काढून हवेत हलवली. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मीही त्यात होते आणि माझ्या बोटांनी असं काहीतरी वाजवलं जे शाळेतल्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. लोकांना वाटलं, ही जुगलबंदी ठरवून बसवली आहे. शेवटी काका माईकपासून बाजूला सरकले, ऋषीला डोळ्यांनी जागा दिली. ऋषीने तो सगळ्यात वरचा सूर एकदा साधा, सरळ वाजवला, काकांच्या चालीत, एकही जादा स्वर न घालता. आणि लगेच मागे आला. शेवट काकांनी खाली, मंद सुरात केला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो. उजेड होता अजून.  काकांनी रुमाल काढला, सगळ्यांसमोर कवळी काढून त्यात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात टाकली. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. आम्ही सगळे आपापल्या कपात बघायला लागलो.

"काय बघून राह्यले चहात?" काका बोळक्या तोंडाने म्हणाले. "माशी पडली का?"

प्रल्हादभाऊंनी घसा साफ केला. "काका, पुढचं अंबडचं... मंग कोण..."

"वरचं हे पोरगं वाजवंल. खालचं मी. माईकचं तुम्ही बघा, मालक तुम्ही हायत."

"एका माईकवर दोघं?"

"उभं ऱ्हाता आलं तर मावतंय."

प्रल्हादभाऊ मान हलवत राहिले. शालीचा विषय त्यांनी काढला नाही, आजवर काढलेला नाही.

ऋषीने कप खाली ठेवला. "काका, माझं चुकलं का? म्हणजे, तसं वाजवायला नको होतं का?"

"बिलकुल नको होतं. माझ्या उस्तादानं तुझ्या पाठीत बाजा घातला असता." काकांनी बशीतला चहा फुंकून संपवला. "अन् ते सोड. तू जे फाडलं ना, ते फाडलंच न्हाई बराबर. म्हातारा माणूस असा फाटतो का? बाजाची पेटी उघड."

"इथे?"

"मंग काय मुंबईला जायचं? उघड जल्दी."

ऋषीने टपरीच्या बाकावर सॅक्सोफोनची पेटी उघडली. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. आजूबाजूला पोरंबाळं, नारळवाल्या बायका जमल्या. ऋषीने वाद्य ओठांना लावलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच वाईट सूर काढायची मनापासून खटपट केली. चेहरा वाकडा केला, गाल फुगवले. वाजवलं.

काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"न्हाई. अजून साफच येऊन राह्यलं."